देवळालीचा ताप

मंडळाच्या स्मरणिकेसाठी दरवर्षी माझ्याकडून लेख मागितला जातो आणि दरवर्षी मी आमच्या इलेक्ट्रिक लोको शेडमधल्या कामाविषयी काहीतरी लिहून देतो. मागे एकदा पेंटोग्राफवरचा माझा लेख छापून आल्यावर कॉलनीतल्या एका वहिनींनी आरतीच्या गर्दीतच मला गाठले आणि म्हणाल्या, "भाऊजी, लेख छान होता, पण पुढच्या वर्षी माणसांविषयी लिहा." म्हणून यंदा माणसांविषयी, त्यातही माणसाच्या डोक्याविषयी लिहितो आहे. रेल्वेचा संबंध मात्र येणारच, त्याला इलाज नाही.

विषय सुचला तो एका मुलीमुळे. माझ्या एका सहकाऱ्याची कन्या लग्नानंतर इंग्लंडला असते. मागच्या दिवाळीत ती माहेरी चरोद्याला आली होती. फराळाला गेलो तेव्हा तिने मला विचारले, "काका, आमच्या ऑफिसात साहेब चिडला, फाइली आपटायला लागला की बाया एकमेकींना सांगतात, आज तो डुलॅली झालाय. हा शब्द कुठला, सांगा बघू!" मी म्हटले, असेल इंग्रजांचे काहीतरी. ती हसली. म्हणाली, "इंग्रजांचे नाही काका, आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचे आहे."

मला क्षणभर ती थट्टाच वाटली. नाशिकरोडला आपल्या रेल्वेची विद्युत अभियांत्रिकीची संस्था आहे, तिला आम्ही सगळे इरीन म्हणतो. तिथे मी एकदा ट्रेनिंगला राहिलो आहे आणि एका रविवारी देवळाली कॅम्पात पायी फिरूनही आलो आहे. त्या शांत गावाचा आणि साहेबाच्या फाइली आपटण्याचा काय संबंध? पण घरी आल्यावर शब्दकोश पाहिले, दोन-चार पुस्तके मिळवली, आणि पोरगी खरे बोलत होती असे निघाले. मी भाषेचा अभ्यासक नाही, डिप्लोमा केलेला रेल्वेचा माणूस आहे. तरी जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

इंग्रजी बोलीत 'डुलॅली' म्हणजे डोके फिरलेला, सटकलेला. 'गो डुलॅली' म्हणजे डोके फिरणे, भान सुटणे. आपण 'त्याची सटकली' म्हणतो ना, तसेच. कधी ते रागाने सटकणे असते, कधी कंटाळ्याने, कधी नुसतेच विसराळूपण किंवा खुळेपणा. आज इंग्लंडमध्ये हा शब्द हसत-हसत वापरतात. पण तो अर्धाच शब्द आहे. पूर्ण शब्द होता 'डुलॅली टॅप'. 'सोल्जर अँड सेलर वर्ड्स अँड फ्रेझेस' नावाचा फ्रेझर आणि गिबन्स यांचा कोश १९२५ साली निघाला. पहिल्या महायुद्धातल्या शिपायांची आणि खलाशांची बोली त्यांनी त्यात गोळा केली होती. त्यात हा पूर्ण शब्द नोंदलेला आहे. 'डुलॅली' म्हणजे देवळाली, आणि 'टॅप' म्हणजे चक्क ताप! देवळालीचा ताप.

आता देवळालीची डुलॅली कशी झाली याचे आपल्याला नवल वाटायला नको. इंग्रजाच्या जिभेला ळ नाही. आपल्या इथल्या हिंदी भाषिक मित्रांनाही तो जमत नाही, म्हणून ते 'देवलाली' म्हणतात. छावणीच्या कागदोपत्री स्पेलिंग एक आणि रेल्वेच्या स्टेशनवर दुसरे, असेही आहे. त्यात अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरी तालुक्यात दुसरी देवळाली आहे, प्रवरेची. ती वेगळी. आपली देवळाली म्हणजे इगतपुरीकडून नाशिकरोडला येताना अगदी शेवटी लागणारे स्टेशन, मुंबईपासून साधारण १८० किलोमीटर. अर्थात आपणही सोल्जरचा 'सोजीर' केलाच आहे. सिग्नलचा 'सिंगल' तर आमच्या यार्डात आजही चालतो. पहारेकऱ्याने इंग्रजीत 'कोण येतो तिकडे' असे ओरडून विचारायचे, त्याचे 'हुकुमदार' आपणच केले. तेव्हा फिट्टंफाट.

या देवळालीला इंग्रजांनी १८६१ च्या सुमारास फौजेचा तळ उभारला. त्यामागे दोन कारणे होती. एक १८५७ चे. त्या उठावानंतर हिंदुस्थानात गोऱ्या शिपायांची संख्या कायमची वाढवण्यात आली. पुढे ती साधारण ६० ते ७० हजारांच्या घरात राहिली. एवढे लोक विलायतेतून आणायचे, मुदत संपली की परत न्यायचे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांची अखंड रांग. दुसरे कारण आपल्या खात्यातले. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली हे आपल्या सर्वांना पाठ आहे. त्याच ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने पुढे कसाऱ्याचा थळ घाट फोडला आणि १८६५ मध्ये घाटातून गाड्या सुरू झाल्या. चढ ३७ ला १. आजही त्या घाटात गाडीला मागून बँकर इंजिने लावावी लागतात, यावरून त्या काळी ते काम काय असेल याची कल्पना करावी. घाट ओलांडला की देश लागतो. हवा कोरडी, थंड. मुंबईच्या दमट उकाड्यात नवे गोरे शिपाई ठेवले तर ते आजारी पडत. म्हणून बोटीतून उतरवायचे, गाडीत घालायचे आणि घाटावर देवळालीला आणायचे. तिथे त्यांना या देशाच्या हवेची सवय झाली की मग पुढे ज्याच्या त्याच्या पलटणीत रवाना करायचे. परत जाणाऱ्यांचेही तेच, उलट दिशेने. देशभरातून मुदत संपलेले शिपाई देवळालीला गोळा व्हायचे आणि बोट आली की घाट उतरून मुंबईच्या धक्क्यावर.

आपल्या भाषेत सांगायचे तर देवळाली हे माणसांचे मार्शलिंग यार्ड होते. ठिकठिकाणचे वॅगन येतात, उभे राहतात, रेक तयार झाला की सुटतात. चरोद्यात राहणाऱ्यांना याहून जास्त समजावून सांगायला नको.

यार्डात खरी गोम असते ती उभे राहण्यात. आपल्याकडे वॅगन किती तास अडकून पडला याचा हिशेब ठेवतात, त्याला डिटेन्शन म्हणतात, आणि तो वाढला की वरून विचारणा होते. देवळालीत शिपायाच्या डिटेन्शनचा हिशेब मागणारे कोणी नव्हते. फौजेच्या बोटी वर्षभर चालत नसत. तांबड्या समुद्रातला उन्हाळा टाळायचा म्हणून साधारण ऑक्टोबर ते मार्च हाच हंगाम. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. त्याच्या आगेमागे इंग्रज सरकारने खास हिंदुस्थानच्या फेऱ्यांसाठी पाच मोठ्या बोटी बांधल्या होत्या. त्यातल्या एकीचे नाव 'जमना' होते आणि एकीचे 'मलबार'. कालव्यामुळे आफ्रिकेचा वळसा वाचला, प्रवास काही महिन्यांचा होता तो काही आठवड्यांवर आला. पण हंगाम तोच राहिला. ज्याची मुदत मार्चनंतर संपली त्याला शेवटची बोट गेलेली असायची. पुढची ऑक्टोबरात. एप्रिल, मे, सगळा पावसाळा, गणपती आणि नवरात्र होईपर्यंत त्याने करायचे काय?

त्यात १८७० च्या कायद्याने इंग्रजांच्या फौजेत थोड्या वर्षांच्या नोकरीची पद्धत आली. पूर्वी शिपाई दीर्घकाळ फौजेत राहायचा, आता थोड्या वर्षांनी मोकळा होऊ लागला. म्हणजे दरवर्षी घरी जाणाऱ्यांची संख्या वाढली आणि देवळालीची गर्दीही वाढली.

तिथे काय चालायचे हे एका साध्या शिपायाने लिहून ठेवले आहे. फ्रँक रिचर्ड्स त्याचे नाव. मूळचा दक्षिण वेल्सचा, कोळशाच्या खाणीत काम केलेला. रॉयल वेल्श फ्युझिलियर्स या पलटणीतून तो १९०२ पासून काही वर्षे हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात होता. पुढे पहिल्या महायुद्धात त्याने दोन शौर्यपदके मिळवली, पण शेवटपर्यंत साधा शिपाईच राहिला. त्याने हिंदुस्थानच्या आठवणींचे 'ओल्ड सोल्जर साहिब' हे पुस्तक १९३६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात तो देवळालीविषयी सांगतो की, मुदत संपलेल्या लोकांची हत्यारे काढून घेतलेली असत. अधूनमधून सामानाची तपासणी, कधीमधी लांबची कूच, बाकी दिवसभर काम नाही. वेळ जाता जात नसे. वर्षानुवर्षे ज्यांच्या नावावर एक डाग नव्हता असे शिपाई तिथे येऊन नको ते करून बसत आणि घरी जायच्या ऐवजी तुरुंगात जात. कोणी वाईट संगतीने रोग लावून घेऊन इस्पितळात पडे. माणूस विचित्र वागायला लागला की त्याला 'डुलॅली टॅप' झाला म्हणायची जी रीत पडली, ती या छावणीतल्या कंटाळ्यातूनच पडली असावी, असे रिचर्ड्सचे मत आहे.

मला हा भाग वाचून फार विचार करावासा वाटला. सात-आठ वर्षे या माणसाने उन्हातान्हात, पटकी-हिवतापात, सरहद्दीवर गोळ्या चुकवत नोकरी केली. तेव्हा डोके शाबूत होते. सगळे संपले, घरी जायचा हुकूम हातात पडला, आणि मग डोके फिरले!

इंग्लंडात काही लोक या शब्दाची दुसरी गोष्ट सांगतात. देवळालीला वेड्यांचे इस्पितळ होते, त्यावरून हा शब्द आला म्हणे. ही समजूत होणे स्वाभाविक आहे. कारण गावाचे नाव वेडाला चिकटते ते बहुधा अशाच इस्पितळामुळे. पुण्याकडची मंडळी 'याला येरवड्याला पाठवा' म्हणतात, मुंबईकडची ठाण्याचे नाव घेतात. आमच्या शेडमध्ये तर अख्खा हिंदुस्थान आहे. उत्तर प्रदेशचे मित्र चिडले की समोरच्याला आग्र्याला धाडतात, बिहार-झारखंडचे रांचीला, आणि आम्ही विदर्भातले थेट नागपूरच्या पागलखान्यात. लंडनच्या बेथलेहेम इस्पितळावरून इंग्रजीत 'बेडलॅम' शब्द झाला, त्याचा अर्थ नुसता गोंधळ, कालवा. सगळ्या जगाची रीत एकच दिसते. तरीही मला रिचर्ड्सचे म्हणणे जास्त पटते. तो तिथल्या शिपायांतलाच होता, आणि इस्पितळाची गोष्ट खरी असती तर नुसते 'डुलॅलीला पाठवा' म्हटले असते. त्यात 'ताप' आला नसता.

या तापाकडे आता वळतो, कारण मराठी माणसाला खरी गंमत तिथे आहे. इंग्रजी शब्दकोश सांगतात की हा 'टॅप' फारसी-उर्दूतून आला, अर्थ हिवताप. ते बरोबरच असणार. गोऱ्या शिपायाला फौजेत जी मोडकीतोडकी भाषा कानावर पडे ती हिंदुस्थानीच होती. घरी जाताना त्याने तिच्यातले कितीतरी शब्द नेले. विलायतीवरून 'ब्लायटी' म्हणजे मायदेश, खुशवरून 'कुशी' म्हणजे आरामाची नोकरी, देखोवरून 'डेक्को', म्हणजे एक नजर टाकणे. पागलवरून केलेला 'पॉगल' तर १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशातही आहे. पण फारसीतला तो ताप आणि संस्कृतातून आपल्याकडे आलेला ताप मुळात एकाच घरचे. आणि मराठीने त्या घराचा केवढा वाडा केला आहे पाहा! अंगात येतो तो ताप. रागीट माणूस तापट. राग फार झाला की संताप. मनातल्या मनात जळणे म्हणजे मनस्ताप, आणि चुकल्यावर पश्चात्ताप. संतांनी तर त्रिविध ताप सांगून ठेवले आहेत. ऋषिमुनींचे तप तेही याच धातूचे, म्हणजे तापायचेच, पण स्वतःहून.

हिंदीत बुखार म्हटले की बहुधा अंगातलाच ताप आठवतो. मराठीत मात्र ताप अंगाला येतो तसा डोक्यालाही होतो. देवळालीच्या गोऱ्याला थर्मामीटर लावला असता तर पारा हलला नसता. त्याला झाला होता तो आपल्या अर्थाचा ताप, डोक्याला ताप. हा अर्थ शब्दकोशवाल्यांना इंग्लंडात बसून दिसणे कठीण. पण देवळालीच्या बाजारात शेव-मुरमुरे विकणारा मराठी माणूस त्या सोजिरांकडे पाहून काय म्हणत असेल, हे आपल्याला ऐकू येते.

आमचे बाबा दिवसातून चार वेळा म्हणतात, "माह्या डोस्क्याले ताप नको देऊ." त्यांच्याकडे शेवटी येतो.

विलायतेत परतलेल्या शिपायांनी हा शब्द घरी नेला. इंग्रजीत टॅप म्हणजे पाण्याचा नळ, नाहीतर दारावरची टकटक. ज्याने हिंदुस्थान पाहिला नाही त्याला डुलॅलीचा नळ म्हणजे काय कळणार? तो शेपटासारखा गळून पडला आणि नुसते 'डुलॅली' उरले. म्हणजे रोगाचे नाव गेले आणि गावाचे नाव रोगाला लागले. बिचारी देवळाली!

आणि ही अब्रू अगदीच नाहक गेली, कारण त्या गावाची हवा फार चांगली आहे. मी गेलो तो डिसेंबरचा महिना होता. मोठमोठी जुनी झाडे, कौलारू बंगले, रुंद रस्ते, पारशी मंडळींची जुनी सॅनेटोरियम. मुंबईचे लोक मुद्दाम तब्येत सुधारायला तिथे जात. आज तिथे आपल्या लष्कराची तोफखान्याची शाळा आहे. कोणाचे डोके फिरावे असे त्या हवेत काहीच नाही. उकाड्यानेच माणसे चिडत असती तर इंग्रजांनी डोके फिरण्याला आपल्या भिलाई-दुर्गचे नाव दिले असते. मे महिन्यात शेडमधल्या इंजिनाच्या छतावर चढून पाहावे! तेव्हा कारण हवा नव्हे. गोऱ्या साहेबाच्या चिडचिडीला तेव्हा डॉक्टरलोक 'लिव्हर' म्हणत, म्हणजे यकृत बिघडले. शिपाई बोलीत त्याचा दोष गावाला गेला. थांबून राहण्याला कोणी दिला नाही.

इथे मला माझ्या कामातले एक उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही, वहिनींनी क्षमा करावी. आमच्या जुन्या डब्ल्यूएजी-५ आणि डब्ल्यूएजी-७ इंजिनांत डी.सी. मोटारी असतात. भरलेली मालगाडी ओढताना ही मोटार तासन्तास प्रचंड करंट घेते, तापते, पण टिकते. कारण ती फिरत असते. कम्युटेटर फिरतो, त्यामुळे करंट आळीपाळीने सगळ्या पट्ट्यांवर वाटला जातो. पण समजा चढावर गाडी अडली, चाक जागचे हलत नाही आणि करंट चालू ठेवला, तर ब्रशखालच्या त्याच चार पट्ट्यांवर सगळा भार येतो आणि थोड्याच वेळात त्या जळतात. म्हणून गाडी हलत नसेल तर करंट बंद करा, असे लोको पायलटला शिकवलेले असते. देवळालीच्या शिपायाचा करंट कोणी बंद केला नव्हता. घरी जायचे, घरी जायचे, हे डोक्यात चोवीस तास चालू. आणि चाक जागेवर.

दुसऱ्या महायुद्धात या छावणीला पुन्हा पूर आला. बर्फाचे डोंगर चढणारा आणि पुढे तिबेटवर पुस्तक लिहिणारा हाइनरिश हारर हा ऑस्ट्रियन गिर्यारोहकसुद्धा शत्रू देशाचा नागरिक म्हणून आधी नगरच्या आणि मग देवळालीच्या बंदिवासात होता. पुढे देहरादूनच्या छावणीत हलवल्यावर १९४४ मध्ये तो निसटला. हा देवळालीतला वेगळ्या तऱ्हेचा थांबलेला माणूस. जिमी पेरी नावाचा एक तरुण गोरा तोफखान्याच्या कलापथकात तिथे होता. त्याने पुढे डेव्हिड क्रॉफ्टबरोबर देवळालीच्या छावणीवर एक विनोदी मालिका लिहिली. 'इट एन्ट हाफ हॉट मम' या नावाने ती बीबीसीवर १९७४ ते १९८१ अशी आठ वर्षे चालली. रंगी राम नावाच्या हिंदी नोकराची भूमिका तोंडाला रंग फासून एका गोऱ्या नटाने केली होती, म्हणून आता बीबीसी ती मालिका पुन्हा दाखवत नाही. आपल्यालाही ते आवडण्यासारखे नाही. पण इंग्लंडच्या घराघरात देवळालीचे नाव पुन्हा गेले ते या मालिकेमुळे.

युद्ध संपले ऑगस्ट १९४५ मध्ये. बोटी कमी, माणसे लाखो. आणि मग जे देवळालीत एकेका शिपायाच्या डोक्यात व्हायचे, ते एकदम सगळीकडे झाले. जानेवारी १९४६ मध्ये कराचीजवळच्या विमानतळावरच्या गोऱ्या हवाई सैनिकांनी काम बंद केले. आम्हाला घरी पाठवा, एवढीच मुख्य मागणी. बघता बघता हा संप हिंदुस्थान, सिलोन, सिंगापूर असा डझनावारी तळांवर पसरला. ज्यांनी साम्राज्य धरून ठेवायचे तेच घरी जायला हटून बसले. त्यानंतर महिन्याभरात, १८ फेब्रुवारीला, मुंबईत आपल्या नाविकांचा उठाव झाला. त्याची कारणे वेगळी आणि थोर होती, पण आमच्या शाळेच्या पुस्तकात तो होता आणि हवाई सैनिकांचा संप नव्हता. मला तो या शब्दाच्या मागे लागल्यामुळेच समजला. शेवटची इंग्रज पलटण २८ फेब्रुवारी १९४८ रोजी गेट वे ऑफ इंडियाच्या कमानीतून बोटीवर चढली. देवळालीत बोटीची वाट पाहणारा कोणी उरला नाही. त्यानंतर देवळालीचे नाव एकदाच मोठ्या बातमीत आलेले मला आठवते. ७ ऑगस्ट २०२० रोजी देशातली पहिली किसान रेल देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला सुटली, तेव्हा. भाजीपाला आणि फळे घेऊन. नाशवंत माल थांबवून ठेवू नये, हे रेल्वेला पक्के ठाऊक आहे.

आता बाबांविषयी.

आपल्यातले बहुतेक जण भंडारा, गोंदिया, नागपूर, बालाघाटकडून याच लाइनीवरून इकडे आलो. आमचे बाबा १९७० च्या दशकात तुमसरजवळच्या खेड्यातून चरोद्याच्या यार्डात लागले आणि शंटिंगमध्येच त्यांची नोकरी गेली. निवृत्त झाल्या दिवसापासून ते गावी जायचे म्हणतात. आधी नातीची दहावी व्हायची होती. मग गावच्या घराचे छप्पर. मग काकांशी वाटणीचे बोलणे. मग धान निघाल्यावर. त्यांची काळी पत्र्याची पेटी, जिच्यावर पांढऱ्या रंगाने नाव लिहिले आहे, ती इतक्या वर्षांत पूर्ण रिकामी केलेली मी पाहिली नाही. दोन धोतरे आणि स्वेटर त्यातच असतात. आणि या काळात ते इतके चिडके झाले की काय सांगावे! दूधवाला सात मिनिटे उशिरा आला तर तो 'राइट टाइम' का नाही म्हणून दारात पंचनामा. पेपरची घडी चुकली, टी.व्ही.चा आवाज वाढला, कोणी चप्पल वाकडी काढली, लगेच डोस्क्याले ताप. मी डॉक्टरांना दाखवले, रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, सगळे ठीक. मग मीही चिडायला लागलो. एकदा तर आईसमोर त्यांना म्हणालो, "जायचे तर जा ना एकदाचे!" ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तो शब्द अजून माझ्या घशात आहे.

देवळालीची ही सगळी हकिकत मी त्यांना थंडीत एका रात्री शेकोटीपाशी सांगितली. मनात हेतू होता, पण उघड बोललो नाही. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले. जुन्या यार्डवाल्याला घाट, बँकर, गोळा झालेल्या गाड्या, सगळे डोळ्यांपुढे दिसत असणार. मग विचारले, "किती महिने ठेवत होते त्याईले?"

म्हटले, "कधी कधी सहा."

"आन् काम?"

"काहीच नाही. हत्यारसुद्धा काढून घेत."

बाबा बराच वेळ निखाऱ्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "येडे व्हते लेकाचे. सोजिराईले नाही म्हणत मी, सायबाले. मानूस बसवून ठेवते काय कोनी? काही तं लावून द्याचं व्हतं, खड्डे तरी खंदाचे." आणि काठीने निखारे सारून आत झोपायला गेले. पेटीविषयी ते काही बोलले नाहीत, मीही नाही.

यंदा मंडळाने मंडपातल्या रात्रीच्या पहाऱ्याचे वेळापत्रक करायचे काम बाबांकडे सोपवले, ते मी सुचवल्यावरून. त्यांनी जुन्या ड्यूटी रोस्टरप्रमाणे आखून काढले आहे, दोन दोन तासांच्या पाळ्या, बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, वहीत सही. मंडपात ते ज्याच्यात्याच्या मागे लागतात. परवा आमच्या शेडमधला एक पोरगा पाळीला दहा मिनिटे उशिरा आला, तर म्हणाले, "पुन्हा उशीर केला तं तुले देवळालीले पाठवतो." पोराला काही कळले नाही. माझी पाळी तिसऱ्या रात्री दोन ते चार आहे, आणि मी वेळेवर जाणार आहे.